गॅरेजातलं विमान

अमेरिकेतल्या आमच्या गॅरेजात गाडीला जागा नाही. तिथे आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचा पंख उभा आहे. घरी विमान बांधणं इथे कायदेशीर आहे. अट इतकीच की निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेली असावी. म्हणून आरव्हीची कंपनी तयार विमान नव्हे, किट विकते: छिद्रं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, नकाशे आणि हजारो रिव्हेट.

शिंपी आधी कच्चा टाका घालतो, तसे पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चापांनी तात्पुरते जोडायचे. मग रिव्हेट. मी बाहेरून हवेच्या दाबावरची गन चालवतो, बायको आतून पोलादी ठोकळा दाबून धरते. ठोकलेलं टोक रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद, निम्मं उंच हवं. नाहीतर ड्रिलने काढून पुन्हा. संसारात एवढं एकमत क्वचितच लागतं!

अशी विमानं बांधणाऱ्या हौशी मंडळींची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत काढली. तिचा मेळा दर जुलैत ऑशकॉशला भरतो. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. माझ्या मते त्यांचं काम आमच्यापेक्षा कितीतरी अवघड. आम्हाला निदान किट आणि वाट तयार मिळते.

‘पहिल्या फेरीला आम्हाला न्या’ म्हणणाऱ्या मित्रांनो, चाचणीच्या काळात, म्हणजे साधारण २५ ते ४० तास, प्रवासी नेता येत नाही.