लहान रंध्यांच्या बैठकीचा कोन

हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस पोथीच्या फळ्यांशीं वारंवार काम पडतें. एक फळी हरवलेली, दुसरी वाळवीनें खाल्लेली, अशी स्थिति असली म्हणजे नवी जोडी करवावी लागते. फळीची लांब कड साफ करणें सोपें. तिचीं टोकें साफ करणें मात्र कठीण, कारण तेथें लाकडाच्या नसा आडव्या तोडाव्या लागतात. ह्या कामास एका हातांत मावणारे जुने लोखंडी रंधे फार उपयोगी पडतात. ते वरून एकसारखे दिसले तरी त्यांच्या पोटांत एक महत्त्वाचा भेद आहे, त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. रंध्यास तोंड असतें, म्हणून हा शब्द संस्कृत 'रन्ध्र' यापासून काढण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृतज्ञांस होतो. तो आवरावा. फारशींत ह्याच हत्यारास 'रंदा' म्हणतात, व त्याचें मूळ 'रंदीदन' म्हणजे तासणें, खरवडणें ह्या क्रियापदांत आहे.

रंध्याच्या आंत ज्या उतरत्या पृष्ठावर पातें टेकतें त्यास आम्ही बैठक म्हणतों, व तळाशीं ती जो कोन करते तो बैठकीचा कोन. सुताराच्या नेहमींच्या मोठ्या लोखंडी रंध्यांत तो बहुधा ४५ अंशांचा असून धारेचा उतार खालच्या बाजूस असतो. त्यामुळें लाकडास भिडणारा कोन बैठकीइतकाच राहतो. उतार कमीअधिक घासल्यानें त्यांत फरक पडत नाहीं. लहान रंध्यांत पातें उलटें, म्हणजे उतार वर करून बसवितात. येथें बैठकीचा कोन आणि धारेचा कोन यांची बेरीज हाच कापण्याचा कोन होय. हा नियम ध्यानांत न घेतल्यामुळें बराच घोटाळा होतो.

उदाहरणार्थ अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीचे रंधे घेऊं. ह्या कंपनीनें इ. स. १८६९ मध्यें लेनर्ड बेली याचे पेटंटाचे हक्क विकत घेतले, व पुढें तिचे बिडाचे रंधे जगभर गेले. तिच्या साडेनऊ क्रमांकाच्या रंध्याची बैठक सुमारे २० अंशांची, तर इ. स. १९०२ मध्यें निघालेल्या साडेसाठ क्रमांकाची सुमारे १२ अंशांची. दोहोंच्या पात्यांस २५ अंशांची धार लावली तर पहिल्याचा कापण्याचा कोन ४५ व दुसऱ्याचा ३७ होतो. म्हणजे साडेनऊ क्रमांक, बैठक कितीही निजलेली दिसली तरी, मोठ्या रंध्याच्याच कोनानें कापतो! फळीच्या टोकास खरा उपयोग त्या ८ अंशांच्या उणेपणाचा आहे.

दोहोंची योग्यता मात्र सारखी नाहीं. साडेसाठ क्रमांकाचें पातें निसण्यावर ३३ अंशांनीं घासलें तर बेरीज ४५ होऊन तो दुसऱ्याचें काम करूं शकतो. उलट साडेनऊ क्रमांकास ३७ वर आणावयाचें तर धार १७ अंशांची करावी लागेल, व इतकी पातळ धार कठीण लाकडांत लगेच मुडपते. निजलेल्या बैठकीसही तिची किंमत द्यावी लागतेच. तोंडाजवळ बीड फार पातळ होत जातें व तेथें चीर जाण्याचा संभव असतो. जुना नमुना घेतांना पातें काढून ती जागा उजेडाकडे धरून पाहावी.

कोन मोजण्यास फार साधन लागत नाहीं. रंधा सपाट कांचेवर ठेवावा, दाबपट्टी काढून पातें बोटानें बैठकीवर धरावें, व पात्याच्या लांबीत तीन इंचांच्या अंतरावर दोन खुणा करून दोहोंची कांचेपासूनची उंची मोजावी. वजाबाकी एका इंचाहून किंचित अधिक आली तर बैठक २० अंशांच्या आसपास. सुमारे पाच अष्टमांश इंच आली तर १२ च्या आसपास. अंश-दीड अंशाचा फरक आढळल्यास नवल मानूं नये. क्रमांक पुसट असल्यास पात्याची रुंदीही पाहावी. साडेसाठ क्रमांकाचें पातें १⅜ इंच रुंद असतें.

कालनिर्णयाविषयीं एक इशारा. कांहीं लहान रंध्यांवर १२ ऑक्टोबर १८९७ ही पेटंटाची तारीख आढळते. ती रंध्याच्या जन्माची तिथि नव्हे. नकलणारा लेखक मूळ पोथींतील शक जसाच्या तसा उतरून घेतो व पुढचा वाचक त्यावरून नक्कलच तेवढी जुनी ठरवितो, तसाच हा प्रकार. साडेसाठ क्रमांकावर ती तारीख असली तरी तो रंधा १९०२ च्या पूर्वीचा असूं शकत नाहीं. बैठक जितकी निजलेली तितका रंधा जुना, हें विक्रेत्यांचें म्हणणेंही ह्या दोन क्रमांकांच्या बाबतींत उलटें आहे.

मूळ फळीवर, तिच्यावर अक्षर, रंग किंवा बासनाच्या दोरीचा घट्टा असो वा नसो, कोणताही रंधा चालवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो घट्टाही पुरावाच असतो. नव्या फळीच्या टोकावर साडेसाठ क्रमांक, २५ अंशांची ताजी धार व तोंड अगदीं अरुंद, एवढें पुरें. मागच्या कडेस टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा, म्हणजे कड फुटत नाहीं.