सशांचे ऋण : मेंदूवर काम करणाऱ्या औषधांची पारख कशी होते

चाळीस वर्षे पेढीच्या धनादेशांवर एकसारखी सही करणाऱ्या आजोबांचा धनादेश एके दिवशी बँकेतून परत येतो. शेरा असतो, ‘सही जुळत नाही’. घरातली मंडळी प्रथम हसण्यावारी नेतात. पण मग लक्षात येऊ लागते की आजोबांचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलत नाही आणि स्वस्थ बसले असता बोटे थरथरतात. तज्ज्ञ डॉक्टर निदान करतात, पार्किन्सनचा आजार, म्हणजेच कंपवात. एक गोळी सुरू होते आणि काही दिवसांत आजोबांची हालचाल बरीच मोकळी होते.

घरात आनंद होतो आणि विषय तिथेच संपतो. परंतु दोन प्रश्न विचारण्याजोगे राहतात. एवढीशी गोळी मेंदूत नेमके काय करते? आणि ती तेच करते याची खात्री कोणी, कशी करून घेतली? अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या घरात त्यामागून तिसराही प्रश्न येतो. या ज्ञानाची किंमत कोणत्या जीवांनी मोजली?

कुलूप आणि किल्ली

मेंदूतील पेशी एकमेकींशी मुख्यतः रसायनांच्या भाषेत बोलतात. एक पेशी निरोपाचे रसायन सोडते. शेजारच्या पेशीवर ते स्वीकारणारी प्रथिने असतात. त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये निकोटिन व क्युरारे या द्रव्यांच्या प्रयोगांवरून असा तर्क मांडला की पेशीमध्ये औषधाला प्रतिसाद देणारा एक खास घटक असला पाहिजे. तो घटक तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता.

ग्राही हे कुलूप आणि रसायन ही किल्ली, असे समजले तर औषधांचे तीन प्रमुख मार्ग ध्यानात येतात. काही औषधे नकली किल्लीसारखी कुलूप उघडतात. काही कुलपात अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला वाट देत नाहीत. काही औषधे कुलपाला हातच लावत नाहीत. ती किल्ल्यांचा साठा कमी किंवा जास्त करतात. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्हींचा परिणाम कधी कधी सारखाच दिसतो. खरा मार्ग कोणता, हे ठरवणे हेच या शास्त्राचे मुख्य काम आहे.

सर्पगंधेपासून सुरुवात

या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिची रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेऊन १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे ते मनोरुग्णांनाही देण्यात येऊ लागले.

त्यांतील काहींच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट दिसली. मन शांत होई, पण शरीरही जड होई. हालचाल मंदावे, हात थरथरत. जणू औषधानेच कंपवात निर्माण केला होता. दुष्परिणाम म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु ज्या द्रव्याने रोगासारखी अवस्था निर्माण होते, ते द्रव्य रोगाच्या मुळाचा पत्ताही सांगू शकते, हे काहींनी ओळखले.

सशांची खोली

स्वीडनचे आर्विड कार्लसन हे त्यांपैकी एक. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही महिने काम केले होते. रेसर्पिनमुळे मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो, हे ब्रॉडी यांच्या गटाने दाखवले होते. स्वदेशी परतल्यावर कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की नॉरअॅड्रेनॅलिनचा साठाही तसाच रिकामा होतो. मग जडत्व नेमके कोणत्या तुटीमुळे येते?

१९५७ मध्ये त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांनी दोन कच्चे माल वेगवेगळे देऊन पाहिले. सिरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य दिले. ससे उठले नाहीत. नॉरअॅड्रेनॅलिन ज्यापासून बनते ते डोपा दिले. साधारण पाव तासात ससे उठून फिरू लागले.

इथे थांबून नॉरअॅड्रेनॅलिनला श्रेय देणे सोपे होते. कार्लसन यांनी मात्र साठ्याची प्रत्यक्ष मोजदाद केली. तेव्हा दिसले की नॉरअॅड्रेनॅलिन अजूनही जवळजवळ रिकामेच होते. भरले होते ते डोपामाइन. डोपापासून नॉरअॅड्रेनॅलिन बनताना मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थ, एवढीच तोवर डोपामाइनची ओळख होती. १९५८ मध्ये त्यांनी दाखवले की ते मेंदूत स्वतंत्रपणे साठवलेले असते. तरीही १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत त्या काळच्या नामवंत औषधशास्त्रज्ञांनी ही कल्पना साशंकतेने घेतली.

पुरावा व्हिएन्नातून आला. ओलेह हॉर्निकीविक्झ आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट एरिंगर यांनी १९६० मध्ये कंपवाताने निधन पावलेल्या व्यक्तींचे मेंदू तपासले. हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामाइनची मोठी तूट आढळली. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. पण त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, शिरू शकतो. १९६१ मध्ये व्हिएन्नातच रुग्णांना तो शिरेवाटे देण्यात आला आणि खिळून पडलेली माणसे काही काळ उठून चालू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवत उपचार देण्याची रीत बसवली. आजोबांची गोळी याच घराण्यातली. कार्लसन यांना २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कुलपाचे वजनमाप

साठ्याचे गणित सुटले तरी कुलूप अजून कोणी मोजले नव्हते. सत्तरच्या दशकात टोरंटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी ते केले. रीत अशी : औषधाच्या रेणूला किरणोत्सर्गी खूण लावायची, मेंदूच्या ऊतींच्या लगद्यात ते मिसळायचे, गाळून धुवायचे आणि गाळणीवर किती खूण उरली ते मोजायचे. मग बिनखुणेचे दुसरे औषध थोडे थोडे घालून, पहिल्याला निम्म्याने हटवायला त्याची किती मात्रा लागते ते पाहायचे. जितकी कमी मात्रा, तितकी कुलपावरची पकड घट्ट.

यातून एक लक्षणीय ताळा जुळला. तीव्र मानसिक आजारावर हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅमच पुरते, तर क्लोरप्रोमाझिन शेकडो मिलिग्रॅम लागते. डोपामाइनच्या कुलपावरची दोघांची पकड मोजली तर तीही त्याच क्रमाने घट्ट व सैल निघाली. दवाखान्यातील अनुभव आणि परीक्षानळीतील आकडे, ही दोन स्वतंत्र खाती एकमेकांशी जुळली.

पुढचा टप्पा जिवंत मेंदूत मोजणी करण्याचा. स्टॉकहोममध्ये लार्स फार्डे यांच्या गटाने १९८० च्या दशकात अल्पजीवी किरणोत्सर्गी कार्बनची खूण असलेले द्रव्य टोचून पेट स्कॅनच्या साहाय्याने, रुग्ण औषध घेत असताना किती टक्के ग्राही व्यापले जातात ते पाहिले. पुढील अभ्यासांतून असे दिसले की ढोबळमानाने ६५ टक्क्यांच्या पुढे गुण येतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास शरीर जड होऊ लागते. ‘थोडी जास्त गोळी घेतली तर लवकर बरे वाटेल’ हा घरगुती हिशेब का चुकतो, ते या दोन आकड्यांत दिसते.

आणि मनाचे काय? २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना औषध मिळण्याच्या अपेक्षेत ठेवून केवळ मिठाचे पाणी टोचले. त्यांच्या मेंदूत खरोखरच डोपामाइन स्रवले. आशेलाही औषधी परिणाम असतो. म्हणूनच नव्या औषधाच्या चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला पोकळ गोळी, हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही नाही. ‘अमक्याला गुण आला’ हा पुरावा का पुरत नाही, याचे हे उत्तर आहे.

अहिंसेचा हिशेब

आता तिसरा प्रश्न. कार्लसन यांचे ससे स्वेच्छेने आले नव्हते. खुणेच्या प्रयोगांत उंदरांचे आणि वासरांचे मेंदू वापरले गेले. हे झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. श्रावकाचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. प्राण्यावरील प्रयोग यांपैकी कशात मोडतो, यावर विचारी माणसांत मतभेद होतील. पण जाणूनबुजून दिलेली पीडा ही पीडाच, हे नाकारता येत नाही.

समाधानाची बाब अशी की शास्त्रानेही हा हिशेब मांडायला घेतला आहे. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन सूत्रे सांगितली : शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद झाली. १९८८ मध्ये डोपामाइनच्या डी-२ ग्राहीचा जनुक हाती आल्यावर ते ग्राही प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार करता येऊ लागले. त्यामुळे पकड मोजण्यासाठी दर वेळी प्राण्याच्या मेंदूची गरज उरली नाही. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढली आणि भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून बिगर-प्राणी पद्धतींना मान्यता दिली. प्राण्यांचा वापर थांबलेला नाही. पण वाट बदलते आहे. जीवदयेसाठी देणगी देणाऱ्या समाजाने पांजरापोळीबरोबर अशा पर्यायी संशोधनाकडेही पाहावे, असा हा काळ आहे. मरणोत्तर देहदानाचाही इथे विचार व्हावा. व्हिएन्नातील पुरावा शेवटी माणसांच्याच मेंदूंनी दिला होता.

घरासाठी चार गोष्टी

लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास शरीर ताठरणे, तीव्र ताप अशी प्राणघातक अवस्था ओढवू शकते. मानसिक आजारावरील औषधेही मनाने सोडू नयेत. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी ते त्यातून वेगळे केले होते. म्हणून गोळी चालू असताना कवचबीजाचे चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कारण दोन्ही मात्रांची बेरीज होते. डाळी-दुधातील प्रथिने या गोळीच्या शोषणाच्या आड येतात. त्यामुळे जेवण आणि गोळी यांतील अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पर्युषणात खरी कसोटी लागते. घरातील ज्येष्ठ उपवास धरतात, चौविहार पाळतात आणि संध्याकाळची गोळी कोणाला न सांगता सुटते. पच्चक्खाणामध्ये आगार, म्हणजे सवलती, मुळातच ठेवलेल्या आहेत आणि त्यांत मनाची समाधी टिकवण्यासाठीचाही आगार आहे. पर्व सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना गोळ्यांच्या वेळा आणि महाराजसाहेबांना व्रताची मर्यादा विचारून घ्यावी. जी गोळी हाती येण्यासाठी इतक्या मुक्या जीवांनी किंमत मोजली, ती नेमून दिलेल्या वेळी, नेमून दिलेल्या मात्रेत घेणे, एवढे तरी त्यांचे ऋण मानता येईल.