मेंढराच्या तोंडी मावळचे गवत

पावसाळा सरता सरता लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागले की दुतर्फा कमरेइतके माजलेले गवत पाहून कोणासही वाटावे, मेंढरांना याहून उत्तम मुलूख तो कोणता. परंतु ज्यांचा सारा संसार मेंढरांच्या पोटावर चालतो, ते फलटण-बारामतीकडील धनगर पावसाचे चार महिने आपल्या कोरड्या माळांवरच काढतात आणि दिवाळीनंतर वाडा हलवून कोकणाची वाट धरतात.

पावसात खुर कुजतात, पोटात जंत होतात, हे एक कारण झाले. दुसरे कारण खुद्द गवतात आहे. बारामतीस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर लोणावळ्यास चार हजारांहून अधिक. अशा वृष्टीने उताराच्या मातीतील सत्त्वे धुऊन जातात, आणि गवत जितक्या झपाट्याने वाढते तितक्याच झपाट्याने जून होऊन पानापेक्षा काडीच अधिक धरते. दक्षिण आफ्रिकेतील पशुपालकांनी हाच भेद ओळखून अतिपर्जन्याच्या कुरणांस ‘आंबट’ आणि अल्पपर्जन्याच्या कुरणांस ‘गोड’ अशी नावे दिली आहेत.

चाऱ्यातील प्रथिने सुमारे सात टक्क्यांखाली गेली की पोटातील सूक्ष्मजीव मंदावतात, काडी पचेनाशी होते आणि भोवती गवताच्या राशी असूनही मेंढी रोडावते. माळावरील मारवेल मऊ व पानाळ असल्याने तिला मानवते. कुसळी मात्र कोवळेपणीच खाण्याजोगी. ती पिकली म्हणजे तिचे एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून पाहावे: ओल लागताच ते जिवंत असल्यासारखे पीळ उलगडत फिरू लागते. हेच कुसळ लोकरीतून कातड्यात शिरते, आणि तोंडात गेले तर हिरडीत रुतून बसते. गुरचरणाचा निव्वळ क्षेत्रफळावरून हिशेब करणाऱ्या सरकारी दप्तरांत गवताच्या जातीची व वयाची नोंद असावी, असे मला मनापासून वाटते.

दुभंगलेल्या वरच्या ओठामुळे मेंढी अगदी जमिनीलगतचे कोवळे पान तेवढे वेचून घेते. कामशेतजवळ कापणी झालेल्या एका भातखाचरात, लेंडीखतासाठी बसवलेला कळप सकाळी सुटताना मी पाहिला: समोर डोंगरभर पिवळे गवत उभे असता एकाही मेंढराने तिकडे तोंड वळवले नाही, ती सारी बांधावरच्या बोटभर हिरव्या हरळीवर माना खाली घालून दाटीने चरत राहिली.