दहा माळांचे नवरात्र
काळाचे कोडे : लेखांक ७

२०२५ च्या आश्विनात केळापूरच्या जगदंबेचे नवरात्र दहा दिवस चालले. २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला तो थेट २ ऑक्टोबरला. पांढरकवड्याजवळच्या या देवस्थानी विदर्भातून येतात तसे तेलंगणातूनही भाविक येतात. घटावर रोज एक माळ चढते, त्यामुळे नवरात्रात तारखेऐवजी ‘आज कितवी माळ?’ असेच विचारण्याची रीत आहे. त्या वर्षी महाराष्ट्रभर प्रश्न पडला : माळा नऊ की दहा? हा जादा दिवस आला कुठून?

मागच्या भागात आपण घटिका आणि पळे पाहिली. ती दिवसाचे सारखे तुकडे करतात. तिथीचे तसे नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते, मग त्याला कितीही वेळ लागो. कधी सुमारे १९ तासांत काम होते, कधी २६ तास लागतात. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची. लांबलेल्या तिथीला दोन सूर्योदय सापडले तर ती दोन दिवस राहते; तिला वृद्धी म्हणतात. आखूड तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्येच सुरू होऊन संपली, तर तिचा क्षय.

चंद्राची चाल अशी कमी-जास्त का होते? त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीपासून दूर असताना तो संथ चालतो, जवळ आला की वेग घेतो. २०२५ च्या नवरात्रात, २६ सप्टेंबरला, तो सुमारे ४,०५,५०० किलोमीटरवर, म्हणजे त्या फेरीतल्या सर्वांत दूरच्या बिंदूवर होता. तिथ्या लांबल्या आणि एका तिथीला दोन सूर्योदय मिळाले. जादा दिवस असा आला. त्यात शुभ-अशुभ शोधण्यासारखे काही नव्हते.

इथे भास्कराचार्यांची आठवण काढायलाच हवी. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला. दिवसभराची सरासरी चाल त्यांना पुरेशी वाटली नाही. याच क्षणी ग्रह किती वेगाने चालला आहे, हे त्यांना हवे होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला. त्याचा शिलालेख तिथे आहे. ‘क्षण’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्याला गणितात बसवण्याची ही धडपड मला आपल्या परंपरेतली फार मोठी गोष्ट वाटते.

आता जागेचा मुद्दा. केळापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे पावणेसहा रेखांशांवर आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली, तर इथला मध्यान्ह मुंबईच्या जवळपास २३ मिनिटे आधी होतो. ही झाली जवळजवळ एक घटिका. सूर्योदयातही साधारण एवढाच फरक पडतो. समजा, एखादी तिथी नेमकी या दोन सूर्योदयांच्या दरम्यान संपली, तर त्याच तारखेला केळापुरात एक तिथी आणि मुंबईत पुढची! दोन्ही बरोबर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तिने हळूहळू सगळ्यांची घड्याळे जुळवली, रेल्वे आणि कचेऱ्यांची सोय झाली. सूर्याने मात्र आपला क्रम बदलला नाही.

इथपर्यंतचा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. आइन्स्टाइन त्याच्या बरेच पुढे गेले. १९०५ आणि १९१५ च्या त्यांच्या सिद्धान्तांनुसार खुद्द काळाचाच वेग सर्वत्र सारखा नाही. गुरुत्वाकर्षणाच्या केंद्रापासून जितके दूर जावे, तितके घड्याळ जलद चालते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर ठेवलेले अचूक घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे १५ अब्जांश सेकंद पुढे जाईल. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे वेग आणि उंची या दोन्हींचा हिशेब केल्यावर दिवसाला सुमारे ३८ दशलक्षांश सेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर फोनमधला नकाशा दिवसभरात कित्येक किलोमीटर चुकेल.

मग काळ ही स्वतंत्र वस्तू आहे का? आपल्या दर्शनांत यावर एकमत कधीच नव्हते. कणादांच्या वैशेषिक दर्शनाने काळाला नऊ द्रव्यांत स्थान दिले : एक, नित्य, सर्वव्यापी. न्यूटनची १६८७ मधली कल्पना याच्या बरीच जवळची. नागार्जुनाने, ज्याला तिबेटी परंपरा विदर्भातला मानते, आपल्या ‘मूलमध्यमककारिके’चे एक पूर्ण प्रकरण काळाला दिले आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व नाकारले. भूत, वर्तमान, भविष्य एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, वस्तूंवाचून काळ सापडत नाही, असा त्याचा युक्तिवाद. अद्वैत वेदान्तासाठी काळ व्यवहारापुरता खरा आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात तर श्रीकृष्ण स्वतःलाच काळ म्हणवतो, तेव्हा अर्जुनाचा थरकाप होतो.

म्हणून सापेक्षता आपल्याला आधीच ठाऊक होती, असे म्हणायचे का? मुळीच नाही. नागार्जुनाजवळ समीकरण नव्हते आणि त्याला ते नकोही होते. आसक्तीतून सुटका हा त्याचा विषय. घड्याळ किती मागे पडेल हा आइन्स्टाइनचा. दोघांना एकमेकांची प्रशस्तिपत्रे देऊन आपण दोघांनाही लहान करतो. केळापुरात घटापाशी रात्र जागवणारी बाई आणि उपग्रहाची घड्याळे जुळवणारा अभियंता, दोघेही काळाशी प्रामाणिक असतात. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, एवढेच.

पुढच्या आठवड्यात काळ एकाच दिशेने का जातो, हे पाहू. तोपर्यंत एक काम करा. घरच्या पंचांगात किंवा कॅलेंडरात या महिन्यातील प्रत्येक तिथी किती वाजता संपते ते लिहून काढा आणि लागोपाठच्या दोन वेळांमधले अंतर मोजा. चंद्र कुठल्या आठवड्यात दूर होता, ते कुणालाही न विचारता तुम्हाला कळेल. मुलांना सोबत घेऊन बसा.