कोवळ्या कलमांच्या सालीचे रक्षण

कोकणात हापूसचे कलम लावून एक-दोन पावसाळे पार पडले, म्हणजे बागाईतदार निश्चिंत होतो. परंतु रान सुकून हिरवा चारा दुर्मिळ झाला, की ससा व साळिंदर यांची दृष्टी शिंपलेल्या कलमांकडे वळते. एका रात्रीत बुंध्याची साल कुरतडली जाते व वर्षावर्षांचे श्रम व्यर्थ होतात.

साल म्हणजे झाडाचे नुसते पांघरूण नव्हे. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते; पण पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील थरातूनच मुळांकडे उतरते. बुंध्याभोवती सालीचे पुरे कडे निघाले, म्हणजे मुळे उपाशी पडतात. पाणी मात्र चढत असल्याने पाने काही काळ हिरवी राहतात व मालकास धोका उमगत नाही. पुढे शेंडा मलूल होताच तो पाणी व खत वाढवितो. त्याने ही उपासमार थांबत नाही. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक कलमाचा बुंधा वरचेवर न्याहाळावा.

अपराधी कोण, हे खुणांवरून ओळखता येते. ससा कोवळी डहाळी चाकूने छाटावी तशी तिरपी तोडतो आणि साल सुमारे दोन फुटांखालीच खातो. साळिंदराचे दात रुंद उमटतात. जवळ माती उकरलेली किंवा एखादा काटा पडलेला आढळतो. सांबर शिंगे घासते, तेव्हा साल बरीच उंचावर उभी सोलून निघते. सालीवर मातीचे पापुद्रे दिसल्यास ती मात्र वाळवी समजावी.

ससा व साळिंदर यांसाठी उत्तम उपाय म्हणजे बारीक छिद्रांच्या मजबूत तारेच्या जाळीचे कडे. ते अडीच-तीन फूट उंच असावे, अर्धा फूट जमिनीत पुरावे व बुंध्यापासून चार-पाच इंच दूर ठेवावे. बुंध्यास चिकटलेली जाळी खोड वाढताच सालीत रुतते. जाळी न परवडल्यास बाभळीच्या अगर बोरीच्या काटेरी फांद्यांचे दाट कुंपण करावे. बुंध्यालगतचे गवत काढावे, म्हणजे जनावरास आडोसा राहत नाही. कोवळ्या सालीस डांबर फासू नये. त्याने साल करपते. फास व विष यांच्या वाटेस तर जाऊच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा ठरतात.

इजा झालीच, तर जखमेच्या कडा धारदार चाकूने साफ करून बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण होय. सालीचा एक उभा पट्टा जरी शाबूत असला, तरी झाड वाचण्याची आशा असते. पुरे कडे गेले असल्यास पिशवीतील रायवळ रोपे बुंध्याशी लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वर भेटकलमाच्या रीतीने जोडावे.

झाड वरून वाळून खालून फुटल्यास जोडाची जागा प्रथम पाहावी. जोडाच्या वरचा फुटवा हापूसचा, तो राखावा. जोडाखालचा फुटवा रायवळ. त्यावर हापूसची काडी पुन्हा बांधावी. हे न पाहता जो फुटवा जोमदार दिसेल तो वाढविणाऱ्यास काही वर्षांनी भलतेच फळ हाती येते.

यास्तव खड्डे, खत व कलमे यांचा हिशेब मांडतानाच जाळीचा खर्चही त्यात धरावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.