उंचीत साठलेली शक्ती

मोटेची धाव विहिरीपासून खाली उतरती का ठेवीत, याचा विचार आपणांपैकी थोड्यांनीच केला असेल. आज मोट क्वचितच दिसते. परंतु ज्यांनी ती हाकली आहे त्यांस ठाऊक आहे की, भरलेली मोट वर येताना बैल धावेवरून खाली उतरत आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना मागे सरत पुन्हा चढावर येत. उतरताना बैल केवळ खांद्याने ओढीत नसत. त्यांच्या अंगाचे वजनही नाड्यावर पडे. बैलांनी उंची गमवावी आणि ती पाण्यास मिळावी, असा हा व्यवहार होता. मागे सरत चढताना तीच उंची त्यांना पुन्हा श्रमाने कमवावी लागे.

वस्तू उचलण्यास पडलेले श्रम ती वर असेपर्यंत तिच्या ठायी साठून राहतात व ती खाली येताना परत मिळतात. या साठ्यास स्थितिज ऊर्जा म्हणतात. तिचे माप सोपे आहे : वजन गुणिले उंची. १,००० लिटर, म्हणजे १,००० किलोग्रॅम पाणी १० मीटर चढविले की १०,००० किलोग्रॅम-मीटर काम साठले. विजेचे एक युनिट म्हणजे अशी सुमारे ३,६७,००० किलोग्रॅम-मीटर. तेव्हा घरावरील टाकीच्या पाण्यातून वीज काढण्याची कल्पना काही उत्साही तरुण मांडतात, ती हिशेबात टिकत नाही. एवढ्या पाण्यातून युनिटाचा छत्तिसावा हिस्सादेखील हाती येणार नाही. कोयनेचे तितकेच पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या विद्युतगृहात उतरते, म्हणून तेथे ते एका युनिटाहून अधिक वीज देते.

शेतावर हा हिशेब पंपापाशी उपयोगी पडतो. विहिरीतील पाणी ८ मीटर खोल असते, आणि पाइपाचे तोंड हौदाच्या वर आणखी २ मीटर उंच धरलेले असते. धार शोभिवंत दिसते खरी. पण त्या २ मीटरांसाठी जाळलेले डिझेल वा वीज पाणी हौदात आदळताच फुकट गेली. तेवढ्याच पाण्यासाठी सव्वापट काम झाले. उंचावरील वाफ्यास पाणी न्यावयाचे असेल तर गोष्ट निराळी; एरवी तोंड हौदाच्या काठापर्यंत खाली आणावे. ग्रामसेवकांनी आपल्या फेरीत हे अवश्य पाहावे.

हाच साठा एकाएकी मोकळा झाला तर जिवावर बेततो. विहिरीच्या खोदकामात यारीने वर घेतलेली दगडांची बादली १० मीटरांवरून सुटली, तर तळाशी पोचताना तिचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो, आणि त्यास दीड सेकंदही लागत नाही. खालच्या माणसास हाक मारण्यापुरताही अवधी मिळत नाही. म्हणून बादली चढत वा उतरत असता तिच्या खाली कोणीही उभे राहू नये. दगड काठाच्या वर रचून भरू नयेत, यारीचा दोर रोज काम सुरू होण्यापूर्वी टोकापासून टोकापर्यंत पाहावा, आणि त्याच बादलीत बसून वर येण्याची सवय असल्यास ती आजच बंद करावी.