खांबावरच्या पाटीतून संशोधनाचा प्रश्न

फिलाडेल्फियात बसची वाट बघत उभं राहिलं की समोरच्या खांबावर हमखास एक पिवळी पाटी दिसते. हातानं लिहिल्यासारखी काळी अक्षरं: 'आम्ही घरं विकत घेतो. रोख पैसे.' खाली फोन नंबर. नाव नाही, पत्ता नाही. अमेरिकेत अशा पाट्यांना 'बँडिट साइन' म्हणतात. बहुतेक शहरांत त्या सार्वजनिक खांबांवर लावायला बंदी आहे, तरी लागतातच.

'संशोधनाला विषय कुठून आणायचा?' असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज या पाटीवरूनच बघू.

आधी व्यवहार समजून घ्या. पाटी लावणारा बरेचदा स्वतः घर घेतच नाही. तो मालकाशी कमी भावात करार करतो आणि तो करार दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकतो. याला होलसेलिंग म्हणतात. धंद्यातला ठोकताळा असा: दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के, वजा दुरुस्तीचा खर्च. समजा किंमत २ लाख डॉलर आणि दुरुस्ती ४० हजार. गुंतवणूकदार १ लाखाच्या वर जाणार नाही. मधल्या माणसाला १० हजार हवे असतील, तर मालकाच्या हातात ९० हजारच पडतात.

एवढ्या कमी भावाला कोण तयार होतं? ज्याला थांबणं परवडत नाही तो. कुणाचे हप्ते थकलेले, कुणाचा कर. काहींचं घर अजून वारलेल्या आईच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद राहून जाते ना, तसंच. नावावर नसलेल्या घरावर कर्ज मिळणं अवघड. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या २०२१ च्या अहवालात फिलाडेल्फियातली अशी १० हजारांहून जास्त घरं मोजली आहेत. त्यांची एकूण किंमत १.१ अब्ज डॉलरच्या वर. छप्पर गळतंय आणि समोर कुणीतरी रोख पैसे देतोय, तेव्हा माणूस नंबर फिरवतो.

मग प्रश्न नेमका करा. 'पाट्यांमुळे गरीब फसतात' हा प्रश्न नाही, तो निष्कर्ष झाला. 'पाट्या जास्त असलेल्या भागात घरं तशाच इतर घरांपेक्षा किती स्वस्तात विकली जातात?' हा प्रश्न, कारण त्याचं उत्तर 'काही फरक नाही' असंही येऊ शकतं. खरेदीखतांची माहिती इथे सर्वांना खुली आहे. पण सावध: मधल्या माणसाची फी खतात वेगळी दिसेलच असं नाही. म्हणजे खतावरची रक्कम आणि मालकाला मिळालेली रक्कम एकच धरू नका.

आता मोजमाप. इथे मी स्वतः आपटलो. एका बुधवारी बसमार्गावरच्या पाट्या मोजल्या आणि खूश होऊन नकाशा केला. शनिवारी परत गेलो तर चित्रच वेगळं! शहराचे निरीक्षक सुट्टीवर असतात म्हणून बरेच जण पाट्या शुक्रवारी संध्याकाळी लावतात, हे मला नंतर कळलं. शिवाय जिथले रहिवासी लगेच तक्रार करतात तिथे पाटी टिकतच नाही. म्हणजे मी मोजत होतो त्या 'लावलेल्या' पाट्या नव्हत्या, 'टिकलेल्या' होत्या. एखाद्या गल्लीत पाटी नाही याचा अर्थ तिथे खरेदीदार फिरकत नाही, असा होत नाही. मी तो नकाशा टाकून दिला. आता एकाच रस्त्यावर आठवड्यातून तीनदा जातो आणि पाटी कधी दिसली, कधी गेली, दोन्ही लिहितो.

शेवटचं, नैतिकता. घरमालक असल्याचं भासवून त्या नंबरवर फोन करायचा मोह होतो. पण ती फसवणूक आहे. विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करू नका.

तुम्हीही करून बघा. घराजवळच्या चौकातली कुठलीही पाटी घ्या आणि वहीत तीन ओळी लिहा: यात पैसा कुणाकडून कुणाकडे जातो? मला नेमकं काय मोजता येईल? आणि माझ्या मोजण्यातून कोण सुटतंय? तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या.